खारवलेल्या मांसाची इटालियन दुकाने : मीठ, सुरी आणि प्रकृती

गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहाच्या सुमारास बोलोन्याहून भाचीचा फोन आला. बोलोन्या हे उत्तर इटलीतले जुने विद्यापीठाचे शहर. जावईबापू तिथे एका कारखान्यात इंजिनियर आहेत आणि भाचीला तिसरा महिना चालू आहे. आवाज रडवेला होता. "मामा, इथल्या डॉक्टरीणबाईंनी माझं रक्त तपासलं आणि हातात एक कागद ठेवला. कच्चं प्रोशुत्तो आणि सालामे बाळंत होईपर्यंत बंद, असं त्यावर लिहिलंय. दोन वर्षं मी आठवड्यातून दोनदा तेच खातेय. बाळाला काही झालं असेल का?"

खरे सांगायचे तर मलाही लगेच उत्तर देता आले नाही. तीस वर्षे तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो, पण खारवलेली डुकराची तंगडी खाऊन आलेली गर्भवती आजवर माझ्यापुढे बसलेली नाही. "तपासणीचा कागद वाचून दाखव," एवढेच मी म्हणालो. त्या कागदावर काय होते ते पुढे येईलच. त्या रात्रीनंतर मात्र मी या विषयाचे मिळेल ते वाचले. वाचता वाचता असे लक्षात आले की इटलीतल्या त्या दुकानांचा इतिहास हा आमच्या वैद्यकीचाही इतिहास आहे. म्हणून आजचा लेख.

ही दुकाने मी पाहिली आहेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता भाचीकडे गेलो होतो. आपल्याकडे किराणा दुकानात छताला दोरीचे बंडल लटकतात, तसे तिथे डुकराचे अख्खे फरे लटकत होते. खाली पांढऱ्या बुरशीने माखलेल्या सालाम्यांच्या रांगा. सालामे म्हणजे बारीक केलेले मांस आतड्यात भरून वाळवलेली कांडी. काउंटरवर गोल पात्याचे यंत्र, आणि त्यातून कागदासारखे पातळ काप पडत होते. सौ. माळकरी घरातली, तिने दारातच पदर नाकाला लावला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मी आत थांबलो. सडल्याचा वास अजिबात नव्हता. जुन्या लोणच्याच्या बरणीचे झाकण काढल्यावर येतो त्याच्या जवळपासचा, खारट आणि किंचित गोडसर असा वास होता. एवढे मांस उघड्यावर टांगलेले आणि माशी एकही नाही, याचे नवल वाटले.

या दुकानाला इटलीत 'सालुमेरिया' म्हणतात. शब्दाच्या मुळाशी 'साल' म्हणजे मीठ आहे. थोडक्यात, हे मिठाचे दुकान.

मीठ नेमके काय करते? आपली आजी कैरीला मीठ लावून ठेवायची तेव्हा तासाभरात पाणी सुटायचे, तेच इथे होते. जंतूंना वाढायला पाणी लागते. मीठ मांसातले पाणी बाहेर ओढते आणि जे आत उरते तेही जंतूंना वापरता येत नाही असे बांधून ठेवते. इटालियन 'प्रोशुत्तो' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही 'शोषून कोरडे केलेले' असाच आहे. रोमन मुत्सद्दी केटो याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर ग्रंथ लिहिला, त्यात ही कृती आहे. फरे मडक्यात मिठाच्या थरांत ठेवा, पाच दिवसांनी खालचे वर करा, बारा दिवसांनी काढून वाऱ्यावर टांगा, तेल चोळा, दोन दिवस धुरी द्या, मग तेल आणि व्हिनेगर चोळून ठेवा. असे केले म्हणजे किडे लागत नाहीत, असे तो लिहितो. बावीसशे वर्षांत या कृतीचा गाभा फारसा बदललेला नाही.

पार्मा गावचा प्रसिद्ध फरा आजही केवळ मांस आणि मीठ एवढ्यावरच करतात. जवळच साल्सोमाज्जोरे येथे खारे झरे आहेत, त्यामुळे मीठ पूर्वापार हाताशी. मीठ लावणाऱ्या कारागिराला तिथे मोठा मान असतो. कातडीच्या बाजूला ओले मीठ, उघड्या मांसाला कोरडे. त्यानंतर कित्येक आठवडे थंड खोलीत विसावा, मग धुणे, मग डोंगरवाऱ्याच्या खिडक्यांपुढे टांगणे. उघड्या भागावर चरबीचा लेप देतात, म्हणजे तो भाग फार लवकर वाळत नाही. एकूण किमान १४ महिने. शेवटची परीक्षा मला फार आवडली. घोड्याच्या हाडाची एक सुई असते. ती फऱ्यात ठरावीक ठिकाणी खुपसायची, काढायची आणि नाकाशी धरायची. ते हाड सच्छिद्र असल्याने वास पटकन धरते आणि पटकन सोडते. आत कुठे कुजले असेल तर त्या जाणत्या नाकाला क्षणात कळते. आम्ही डॉक्टर लोक जखमेचा वास घेऊन अंदाज बांधतो, त्यातलाच हा प्रकार.

एकाच खोऱ्यातले खाटीक आणि शल्यवैद्य

आता मुख्य गोष्ट. रोममध्ये आणि मध्य इटलीत अशा दुकानाला 'नॉर्चिनेरिया' असे वेगळे नाव आहे. उंब्रिया प्रांतात डोंगरात नॉर्चा नावाचे लहान गाव आहे, त्यावरून हे नाव पडले. ख्रिस्ती मठपरंपरेतले थोर संत बेनेडिक्ट यांचा जन्म सुमारे ४८० साली इथलाच. गाव थंड, जमीन बेताची, आणि ओक झाडांखाली पडलेली फळे खाऊन पुष्ट होणारी डुकरे. पोटापाण्यासाठी इथले लोक हिवाळा लागला की सुऱ्या घेऊन डोंगर उतरायचे, रोमपर्यंत आणि तस्कनी प्रांतात गावोगाव हिंडून डुकरे कापून, खारवून द्यायचे आणि वसंतात परत फिरायचे. आपल्याकडे ऊसतोडणीला माणसे जातात तशी ही हंगामी वाट. त्यांना 'नॉर्चिनो' म्हणत, आणि पुढे डुकराचे मांस करणाऱ्या कोणाही कारागिराला तेच नाव पडले.

नॉर्चाच्या शेजारी प्रेची नावाचे खेडे आहे. तिथल्या खोऱ्यात संत युतिझिओ यांचा जुना मठ. मठातले साधू आजाऱ्यांची सेवा करीत आणि वैद्यकाची हस्तलिखिते बाळगून असत. १२१५ साली रोमच्या लॅटरन परिषदेत चर्चने वरच्या श्रेणीच्या धर्मगुरूंना चिरफाड आणि डाग देण्याची मनाई केली. अशा बंधनांमुळे मठातली शस्त्रक्रियेची विद्या खोऱ्यातल्या सामान्य कुटुंबांकडे गेली, असे मानले जाते. ही कुटुंबे कोण होती? डुकरे पाळणारी, त्यांना खच्ची करणारी, त्यांची आतडी रोज हाताळणारी. डुकराचे पोट आणि माणसाचे पोट आतून बरेच सारखे असते. सुरीवर हात बसलेला, रक्ताची भीती मेलेली. त्यातून प्रेचीचे शल्यवैद्य तयार झाले. मूत्राशयातला खडा काढणे, अंतर्गळ म्हणजे हर्निया आणि मोतीबिंदू, ही त्यांची तीन खास कामे. बापाकडून मुलाकडे अशी कित्येक पिढ्या ही विद्या चालली आणि हे वैद्य युरोपातल्या राजघराण्यांपर्यंत पोहोचले. त्यांच्यापैकी दुरांते स्काक्की याने १५९६ साली शस्त्रक्रियेवर ग्रंथ छापला. आपल्याकडचे वैदू पाठीवर झोळी टाकून गावोगाव फिरायचे, त्यांच्या कोणा वंशजाने असा ग्रंथ छापावा, तशी ही गोष्ट.

या कौशल्याची काळी बाजूही आहे. त्या काळी गाण्यासाठी मुलांचा आवाज कोवळा राहावा म्हणून त्यांना खच्ची करीत आणि त्या कामाशीही नॉर्चाच्या सुरीचे नाव जोडले जाते.

रोममध्ये या मंडळींनी आपला संघ काढला. १६१५ साली पाचवे पोप पॉल यांनी त्याला मान्यता दिली. गंमत अशी की पुढे याच संघटनेत डुकराचे मांस विकणारे आणि नॉर्चाचे वैद्य एकत्र नांदत होते. आजही इटालियन भाषेत कच्च्या हाताच्या सर्जनला हिणवायचे असेल तर 'नॉर्चिनो' म्हणतात. हा शब्द पदवीधर डॉक्टरांनीच रूढ केला असावा, असा माझा आपला अंदाज. आमच्या धंद्याची ती खोड जुनीच.

या कारागिरांचे दैवत संत अँथनी, ज्यांच्या चित्रात पायाशी डुक्कर असतेच. १७ जानेवारी हा त्यांचा दिवस. अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये त्यांच्या नावाने सेवेकऱ्यांचा पंथ निघाला. ते डुकरे पाळीत आणि अंगाची आग होणाऱ्या रोगांवर डुकराच्या चरबीचा लेप देत. आपण ज्याला नागीण म्हणतो त्या रोगाला इटलीत आजही 'संत अँथनीचा अग्नी' म्हणतात. नागिणीवर चरबीचा उपयोग होत नाही, हे वेगळे सांगायला नको. पण आपल्याकडे अजून गेरू आणि मंत्र चालतात, तेव्हा हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

बोलोन्याची परंपरा निराळी. तिथे 'सालारोली' म्हणजे खारवणाऱ्यांचा संघ होता आणि त्याच्या चिन्हावर खलबत्ता होता. तिथले मोर्तादेल्ला म्हणजे बारीक वाटलेले मांस, त्यात चरबीचे पांढरे चौकोन, आणि मंद आचेवर शिजवलेले. शिजवलेले हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल. भेसळ तेव्हाही होत होती. म्हणून १६६१ साली कार्डिनल फार्नेसे यांनी हुकूम काढून मोर्तादेल्ला कशाचे आणि कसे करायचे ते ठरवून दिले. आपल्याकडे अन्नभेसळीचा कायदा १९५४ साली आला, यावरून काय ते समजा. पुढे शहरे वाढली, फिरते कारागीर गाळ्यात स्थिरावले आणि काचेची कपाटे आली. मिलानचे प्रसिद्ध 'पेक' हे दुकान १८८३ सालचे, आणि ते काढणारा गृहस्थ प्रागहून आलेला होता. नॉर्चाचे दैव मात्र अलीकडे फिरले. ३० ऑक्टोबर २०१६ च्या भूकंपात संत बेनेडिक्ट यांच्या नावाचे तिथले मोठे देऊळ कोसळले, दर्शनी भिंत तेवढी उभी राहिली.

सोरा आणि सॉसेजचे विष

मिठाने बहुतेक जंतू आटोक्यात येतात, पण एक महाभाग असा आहे की त्याला हवाच नको असते. मांसाच्या गाभ्यात, आतड्याच्या पिशवीत तो सुखाने वाढतो आणि जगातल्या सर्वात जहाल विषांपैकी एक तयार करतो. त्या विषबाधेला बोट्युलिझम म्हणतात. 'बोट्युलस' म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज. जर्मनीत युस्टिनस केर्नर नावाचे डॉक्टर होते, कवीही होते. त्यांनी १८२० च्या सुमारास सॉसेज खाऊन मेलेल्यांच्या नोंदी गोळा केल्या. दृष्टी दुहेरी होते, पापण्या गळतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो, आणि माणूस मात्र शुद्धीवर असतो. कारण सापडले ते बेल्जियममध्ये. १८९५ च्या डिसेंबरात एका खेड्यात अंत्यविधीला आलेल्या वाजंत्र्यांनी न शिजवलेला खारा फरा खाल्ला. बरेच जण आजारी पडले आणि तिघे दगावले. प्राध्यापक व्हान एर्मेंगेम यांनी त्या फऱ्यातून जंतू वेगळा काढला. तो फरा पिंपात खारवणीच्या पाण्याखाली बुडून होता, म्हणजे हवेविना. त्याच डुकराचा दुसरा फरा वर उघडा होता, तो खाणाऱ्यांना काही झाले नाही.

जुन्या कारागिरांना जंतू ठाऊक नव्हता, पण एक युक्ती ठाऊक होती. मिठात चिमूटभर सोरा घालायचा, तोच सोरा जो शोभेच्या दारूत जातो. सोऱ्याने मांस लाल राहते, हे त्यांना डोळ्यांनी दिसत होते. खरा फायदा असा की सोऱ्यापासून बनणारे नायट्राइट या जंतूला वाढू देत नाही. आज कारखान्यांत नायट्राइटच मोजून घालतात. पार्मावाल्यांनी मात्र १९९३ पासून ते वर्ज्य केले आहे. तरी त्यांचा फरा लालसर राहतो, कारण मांसातल्या रंगद्रव्यात लोहाची जागा हळूहळू जस्त घेते.

मग या सोऱ्यात वाईट काय? नायट्राइटपासून पोटात काही घातक संयुगे बनतात. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने खारवलेले, धुरी दिलेले, टिकाऊ केलेले मांस 'कर्करोगकारक' या पहिल्या गटात टाकले. त्या गटात तंबाखूही आहे. तेव्हा वर्तमानपत्रांत "सॉसेज म्हणजे सिगारेट" अशा बातम्या आल्या. ते खरे नव्हे. पहिला गट म्हणजे पुरावा पक्का आहे, धोका तंबाखूएवढा आहे असे नाही. दररोज ५० ग्रॅम असे मांस खाणाऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. समजा शंभरांत पाच जणांना हा रोग होणार असेल, तर ते सहाच्या जवळ जातील. धोका लहान आहे, पण रोज खाणाऱ्याने तो नाकारू नये. सोरा न घातलेला पार्माचा फराही या वर्गीकरणातून सुटलेला नाही. युरोपीय संघाने २०२३ साली मांसात नायट्राइट घालण्याच्या मर्यादा आणखी खाली आणल्या.

आणि मीठ? असे ५० ग्रॅम प्रोशुत्तो खाल्ले की अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जाते. प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चार-पाच पातळ कापांत निम्मा हिशेब संपला.

"आम्हाला काय त्याचे? आम्ही कुठे डुक्कर खातो?" असे म्हणणारे वाचक आहेत, हे मला माहीत आहे. माझ्याकडे एक निवृत्त तलाठी येतात. तीन गोळ्या चालू, तरी रक्तदाब १७० च्या खाली येईना. "डॉक्टरसाहेब, भाजीत मीठच घालत नाही," ते शपथेवर सांगत. एक दिवस त्यांच्या मंडळी सोबत आल्या तेव्हा उलगडा झाला. भाजी अळणी म्हणून रोज ताटात दोन पापड, लोणच्याच्या तीन फोडी आणि बुधवारी-रविवारी सुके बोंबील. किलोभर कैरीला पाव किलोच्या आसपास मीठ आपल्याच घरात पडते, ते का माहीत नसते? तलाठीसाहेबांचे पापड-लोणचे आणि बोंबील बंद केले, गोळ्या त्याच ठेवल्या. दोन महिन्यांत आकडा १४० वर आला. आपली सालुमेरिया छताला नसते, ती फडताळात बरणीत असते.

गोव्याच्या वाचकांसाठी एक सूचना. पोर्तुगीजांबरोबर हीच युरोपीय विद्या गोव्यात आली आणि तिथे मिरची व माडाच्या ताडीचे व्हिनेगर घेऊन तिची 'चोरीस' झाली. माळेसारखी लटकणारी ती लाल सॉसेज दिसायला सालामेसारखी असली तरी कच्ची खायची नसते. ती शिजवूनच खावी, आणि गोव्यात सगळे तसेच करतात. बाहेरून गेलेल्या पाहुण्यांनी मात्र अगाऊपणा करू नये.

डुकरावरून आणखी एक गैरसमज निघतो, तो दूर करतो. फीट आलेल्या रुग्णाच्या मेंदूच्या तपासणीत गाठी दिसल्या आणि मी 'डुकराच्या पट्टकृमीची अंडी' म्हणालो की शाकाहारी घरात लगेच रडारड होते, "आमचा मुलगा बाहेर काय खातो हो?" मुलाने काहीच खाल्लेले नसते. अर्धकच्चे डुकराचे मांस खाणाऱ्याच्या पोटात पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांतून, घाण पाण्यावरच्या पालेभाजीतून कोणाच्याही पोटात जातात. मेंदूत गाठ होते ती या अंड्यांमुळे. म्हणून कोथिंबीर भरपूर पाण्याने धुवा आणि शौचानंतर हाताला साबण लावा. मुलावर संशय घेऊ नका.

भाचीचा कागद

आता त्या रात्रीच्या प्रश्नाकडे. इटलीत गर्भवतीची टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीसाठी रक्ततपासणी करतात. तो मांजराच्या विष्ठेतून मातीत येतो आणि कच्च्या मांसातही गाठीरूपाने असतो. एरवी निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण गर्भारपणात पहिल्यांदाच लागण झाली तर तो बाळापर्यंत पोहोचू शकतो आणि डोळे व मेंदू यांना इजा करतो. सुरुवातीच्या महिन्यांत बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी, पण पोहोचला तर इजा मोठी. पूर्वी कधी लागण होऊन गेलेली असेल तर आईच्या रक्तात प्रतिकारद्रव्ये असतात आणि सहसा भीती नसते.

भाचीच्या कागदावर दोन्ही प्रतिकारद्रव्यांपुढे 'नाही' असे होते. म्हणजे तिला आजवर लागण झालेलीच नाही, आणि बाळालाही नाही. मी तिला ते दोनदा सांगितले तेव्हा तिचा श्वास खाली बसला. पण याचाच दुसरा अर्थ असा की तिच्याकडे ढालही नाही. म्हणून पथ्य. चौदा महिने मुरलेल्या फऱ्यात हा परजीवी बहुधा मरतो, पण काही आठवडेच मुरलेल्या सालामेची खात्री कोणी देत नाही, आणि नऊ महिन्यांसाठी जुगार खेळायचे कारण नाही. रक्ततपासणी दर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करायची. कच्च्या पालेभाज्या नीट धुवायच्या, बागेतली माती हातमोजे घालून हाताळायची, मांस आतपर्यंत शिजवायचे.

"मग शिजवलेला हॅम चालेल ना? मोर्तादेल्ला?" भाची माझ्याच वळणाची, पळवाट शोधणारी. टॉक्सोप्लाझ्मा शिजवल्यावर मरतो, हे खरे. पण शिजवलेले मांस दुकानातल्या यंत्रावर कापताना लिस्टेरिया नावाचा जंतू त्याला लागू शकतो, आणि हा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो. गर्भवतीला तोही घातक. तेव्हा बंद पाकीट ताजे फोडून, पुन्हा वाफ येईपर्यंत गरम करून खायचे असेल तर खा, असे मी सांगितले. गरम केलेले मोर्तादेल्ला म्हणजे त्याचा अपमान, असे जावईबापू मागून ओरडले.

परवा तिचा पुन्हा फोन आला. दुसरी तपासणीही स्वच्छ आहे. ती चीज आणायला त्याच जुन्या दुकानात गेली होती. सवयीने यंत्राकडे बोट केले, तर म्हाताऱ्या दुकानदाराने तिच्या पोटाकडे पाहून सुरी खाली ठेवली आणि दोन वर्षे मुरलेल्या पार्मेजानचा तुकडा कागदात बांधून दिला. तो कठीण चीज असतो, गर्भवतीला चालतो. वर टांगलेल्या एका फऱ्याकडे बोट दाखवून म्हातारा म्हणाला, "हा तुमच्यासाठी ठेवतो. बाळ आलं की या, तोवर आणखी मुरेल."